वाढत्या वयातलं वाढलेलं वजन: घरानं कुठून सुरुवात करायची

बारा ते अठरा या वयातल्या मुलाचं किंवा मुलीचं वजन वाढलेलं दिसलं, की घरात आधी ताटातलं कमी होतं. मग बोलणी सुरू होतात. तेवढ्यानं भागलं नाही की इंटरनेटवरून मोठ्या माणसांसाठी लिहिलेला एखादा डाएट प्लॅन उचलला जातो. या तिन्हींचा उपयोग क्वचितच होतो आणि अपाय मात्र पुष्कळदा होतो. चाळिशीतल्या माणसाचं शरीर वाढून झालेलं असतं. चौदा वर्षांच्या मुलाची उंची, हाडं, स्नायू, मेंदू, संप्रेरकं सगळं अजून घडत असतं. त्याला उपाशी ठेवलं तर चरबीबरोबर ही वाढही थांबते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगभरात ५ ते १९ या वयोगटातल्या ३९ कोटींहून अधिक मुलांचं वजन प्रमाणाबाहेर होतं, आणि त्यांतली सुमारे १६ कोटी लठ्ठ होती. १९९० मध्ये या वयातली ८ टक्के मुलं जादा वजनाची होती, २०२२ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर गेलं. एवढ्या थोड्या काळात माणसाची जनुकं बदलत नाहीत, आणि अख्खी पिढी एकदम आळशी किंवा हावरट होते असंही नाही. बदललं ते भोवतालचं अन्न, झोपेच्या वेळा, हालचालीच्या संधी. म्हणून पुढच्या बहुतेक पायऱ्या मुलानं एकट्यानं चढायच्या नाहीत, त्या घरासाठी आहेत. शेवटचा भाग तेवढा थेट मुलांसाठी लिहिला आहे.

पायरी १: डोळ्यांवर विसंबू नका, मोजा

नुसतं बघून केलेला अंदाज दोन्ही बाजूंनी चुकतो. आईवडिलांना आपलं मूल ‘अंगानं जरा भरलेलं’ एवढंच वाटतं, तर कधी अगदी प्रमाणात असलेल्या मुलीला ‘जाड’ ठरवलं जातं.

वजन अनवाणी आणि हलक्या कपड्यांत घ्या. उंची भिंतीला टाचा, पाठ आणि डोकं टेकवून घ्या. किलोग्रॅममधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की बीएमआय मिळतो. मोठ्यांमध्ये जादा वजन आणि लठ्ठपणा ठरवणारे २५ आणि ३० हे आकडे मुलांना लावायचे नाहीत, ही चूक फार जण करतात. मुलांचा बीएमआय वय आणि लिंग यांप्रमाणे तक्त्यावर बघावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या तक्त्यात मधल्या रेषेच्या वर +१ आणि +२ अशा रेषा आहेत. +१ च्या वर गेलं तर जादा वजन, +२ च्या वर गेलं तर लठ्ठपणा. काही तक्ते पर्सेंटाइलमध्ये असतात, म्हणजे त्याच वयाच्या आणि लिंगाच्या शंभर मुलांत आपल्या मुलाचा बीएमआय किती जणांपेक्षा जास्त आहे ते सांगतात. तिथे ८५ ते ९५ मध्ये जादा वजन आणि ९५ पासून पुढे लठ्ठपणा मानतात.

कमरेचा घेरही मोजा. तो उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. पोटात साठलेली चरबी यकृताला आणि इन्सुलिनच्या कामाला सगळ्यात जास्त त्रास देते, आणि बीएमआयला ती वेगळी ओळखता येत नाही. खेळाडू मुलाच्या स्नायूंचं वजनही बीएमआयला चरबीसारखंच दिसतं.

एका दिवसाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नका. वयात येताना मुलींच्या शरीरात चरबीचं प्रमाण निसर्गतःच वाढतं, मांड्या आणि कंबर भरते. मासिक पाळी सुरू होण्यासाठी आणि नियमित राहण्यासाठी ती चरबी लागते. कित्येक मुलं आधी रुंद होतात आणि मग वर्षभरात झपाट्यानं उंच होतात. शाळेतल्या किंवा दवाखान्यातल्या जुन्या नोंदी असतील तर त्या शोधा आणि तक्त्यावर मांडून बघा. मूल लहानपणापासून एकाच रेषेला धरून वाढत आलं असेल तर गोष्ट वेगळी, आणि गेल्या दोन वर्षांत रेषा ओलांडत वर चाललं असेल तर वेगळी. दुसऱ्या प्रकारात लक्ष घालायला हवं.

मोजून झालं की वजनकाटा कपाटात ठेवून द्या.

पायरी २: डॉक्टरांकडे जा, आणि हे विचारा

लठ्ठपणा असेल तर एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवणं गरजेचं आहे. ‘कमी खा, जास्त पळ’ एवढंच सांगून परत पाठवत असतील तर दुसरे डॉक्टर बघा, असं माझं स्पष्ट मत आहे.

बहुसंख्य मुलांत वजनवाढीमागे हॉर्मोनचा आजार नसतो. असा आजार ओळखण्याची एक सोपी खूण उंचीत असते. नेहमीच्या लठ्ठपणात मुलं वयाच्या मानानं उंच किंवा निदान सरासरी असतात. वजन वाढतंय पण उंची वाढायची थांबली आहे, असं दिसलं तर थायरॉइड किंवा कॉर्टिसॉल या संप्रेरकाच्या बिघाडाची तपासणी व्हायला हवी. मूल स्टेरॉइड, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट किंवा मानसिक आजारांवरची ओलान्झापिन, रिस्पेरिडोन यांसारखी औषधं घेत असेल तर तेही सांगा. या औषधांनी वजन वाढू शकतं. मात्र ती स्वतःहून बंद करू नका.

डॉक्टरांनी रक्तदाब मोजायला हवा, तोही योग्य मापाच्या पट्ट्यानं, कारण लहान पट्टा दंडावर घट्ट बसला की आकडा खोटाच जास्त येतो. दहा वर्षांवरच्या लठ्ठ मुलांत रक्तातली साखर, कोलेस्टेरॉल आणि यकृताची तपासणी करायची शिफारस आहे.

काही लक्षणं दिसली तर पुढच्या सुट्टीची वाट बघू नका. मानेवर किंवा काखेत मखमलीसारखा काळपटपणा आला असेल तर तो मळ नसतो, इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असते. ती घासून जात नाही, आणि ‘मान धू’ म्हणून मुलाला ओरडू नका. झोपेत जोरात घोरणं आणि मधेच श्वास अडकणं, सारखी तहान आणि लघवी, पाळी महिनोन्‌महिने न येणं किंवा चेहऱ्यावर दाट केस येणं, डोकेदुखीबरोबर नजर धूसर होणं, ही सगळी दाखवायची लक्षणं आहेत. मांडीत, जांघेत किंवा नुसत्या गुडघ्यात दुखून मूल लंगडत असेल तर त्याच दिवशी दाखवा. या वयात खुब्याच्या हाडाचा वरचा भाग सरकण्याचा एक आजार होतो. जाड मुलांत तो जास्त दिसतो, आणि दुखणं गुडघ्यात जाणवत असल्यानं तो हमखास निसटतो.

टाइप २ मधुमेह पूर्वी मोठ्यांचाच समजला जायचा. तो किशोरवयात झाला तर मोठ्यांपेक्षा झपाट्यानं बळावतो, म्हणून तपासणीचा कंटाळा करू नये.

पायरी ३: उद्दिष्ट बदला

‘दोन महिन्यांत दहा किलो’ हे उद्दिष्ट या वयात चुकीचं आहे. ज्या मुलाची उंची अजून वाढतेय त्याचं वजन आहे तिथे थांबलं तरी पुष्कळ झालं.

एक हिशेब करून बघा. चौदा वर्षांचा मुलगा, उंची १६० सेंटिमीटर, वजन ६४ किलो. बीएमआय २५. तक्त्यावर तो लठ्ठपणाच्या रेषेच्या जवळ आहे. वर्षभरात त्याची उंची ८ सेंटिमीटर वाढली आणि वजन ६४ च राहिलं, तर बीएमआय २२.७ होतो. पंधराव्या वर्षाच्या तक्त्यावर हा आकडा जादा वजनाच्या रेषेवर येतो. एक किलोही न घटवता मुलगा जवळजवळ प्रमाणात आला. मोठ्या माणसाला ही सवलत मिळत नाही.

ज्यांची उंची वाढून झाली आहे त्यांना मात्र वजन थोडं उतरवावंच लागतं. मुलींची उंची पहिल्या पाळीनंतर साधारण दोन वर्षांत जवळपास थांबते. तिथेही घाई नको. वेग डॉक्टरांनी ठरवावा, आणि लठ्ठ किशोरातही तो सरासरी आठवड्याला ९०० ग्रॅमच्या पुढे जाऊ नये. महिन्याला एखादा किलो उतरत असेल तर तेही छान चाललंय असं समजा.

घरात रोजची मोजमापं मात्र वेगळी ठेवा. झोप किती झाली, गोड पेय किती वेळा झालं, आज किती वेळ हालचाल झाली, जेवण एकत्र झालं का? या गोष्टी हातातल्या आहेत. काट्यावरचा आकडा रोज पाण्यानं, मिठानं, पाळीच्या दिवसांनी वर-खाली होतो आणि मुलाला विनाकारण नाउमेद करतो.

पायरी ४: बोलायचं कसं

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे बिघडलं की पुढचं काहीच जमत नाही.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ मध्ये लठ्ठपणा आणि खाण्याचे विकार या दोन्हींचा एकत्र विचार करून सल्ला दिला. किशोरांना डाएट करायला लावू नका, घरात कुणाच्याच वजनाची चर्चा करू नका, वजनावरून चिडवू नका, आणि घरातल्यांनी मिळून जेवा. ‘कुणाच्याच’ या शब्दात आईवडीलही आले. आरशासमोर उभं राहून ‘शी, किती सुटलेय मी’ म्हणणारी आई आणि शेजाऱ्याच्या पोटावर शेरे मारणारे बाबा मुलाला त्याच्या शरीराबद्दलच काहीतरी शिकवत असतात.

‘अजून एक घेतोस? बास झालं आता’, ‘ताईकडे बघ जरा’, ‘असले कपडे तुला शोभत नाहीत’, ‘एवढी सुंदर आहेस, थोडी बारीक झालीस तर...’ ही वाक्यं काळजीपोटी निघतात हे मान्य. पण ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं, की घरातही मला जोखलं जातंय. वजनावरून टोमणे खाणारी मुलं बारीक होत नाहीत. ती चोरून खातात, खेळ सोडतात, फोटोत यायचं टाळतात. पुढे त्यांचं वजन वाढण्याचीच शक्यता जास्त असते, हे मुलांच्या दीर्घकाळच्या निरीक्षणांतून वारंवार दिसलं आहे.

मग बोलायचं काय? मुलानं स्वतः विषय काढला, म्हणजे धाप लागते, मित्र चिडवतात, कपडे होत नाहीत असं म्हणालं, तर आधी ऐकून घ्या. उपाय लगेच सांगू नका. ‘हे ऐकून वाईट वाटलं. तुला यात माझी काय मदत हवी आहे?’ एवढं पुरतं. विषय तुम्हालाच काढावा लागला तर शरीराबद्दल न बोलता घराबद्दल बोला: ‘आपल्या सगळ्यांचीच झोप आणि जेवण बिघडलंय. मी काही गोष्टी बदलणार आहे, तू सुचव कुठून सुरुवात करायची.’ आणि मग खरोखर त्याचं ऐका. त्याचं सुचवणं तुम्हाला किरकोळ वाटलं तरी तिथूनच सुरू करा. या वयात स्वतः निवडलेली गोष्ट टिकते, लादलेली टिकत नाही.

घरात एक मूल जाड आणि एक बारीक असेल तर दोघांना वेगळे नियम लावायचे नाहीत. बारीक मुलाच्या हातात खाऊचा पुडा आणि जाड मुलासमोर काकडी, हे दृश्य पोरांच्या मनात वर्षानुवर्षं राहतं. खाऊ घरात असेल तर सगळ्यांसाठी, नसेल तर कुणालाच नाही.

आणि आल्यागेल्यांपैकी कुणी ‘काय गं, केवढी झालीस!’ म्हणालं तर तिथल्या तिथे, मुलीच्या देखत शांतपणे सांगा: ‘आमच्याकडे आम्ही वजनावर बोलत नाही.’ पाहुण्याला राग येईल. येऊ द्या. आईवडील आपल्या बाजूनं उभे राहतात हे मुलीला त्या क्षणी कळतं.

पायरी ५: स्वयंपाकघर

सुरुवात पेयांपासून करा. सगळ्यात कमी कष्टात सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. कोलाच्या ३३० मिलीच्या एका कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मते २ ते १८ वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवावी. म्हणजे एका कॅनमध्येच दिवसाचा हिशेब ओलांडला जातो. द्रव साखरेनं पोटही भरत नाही, पुढच्या जेवणात मूल तितकंच जेवतं. एनर्जी ड्रिंक, पॅकबंद रस, गोड कॉफी, ‘ताकद वाढवणारी’ पावडर घातलेलं दूध हे सगळं याच हिशेबात धरा. ताज्या फळाचा रससुद्धा रोज नको. फळ चावून खाल्लं तर त्यातला चोथा मिळतो आणि एकावर भागतं. रस काढायला तीन-चार लागतात. घरात पाणी हेच रोजचं पेय असू द्या, आणि ते मोठ्यांच्या पेल्यातही असू द्या.

मग पॅकबंद अन्न. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० प्रौढांवर एक नेटका प्रयोग केला. दोन आठवडे कारखान्यात खूप प्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं, घरी शिजवतो तसलं अन्न. समोर ठेवलेल्या दोन्ही प्रकारांत उष्मांक, साखर, स्निग्ध पदार्थ, मीठ, तंतू सारखेच ठेवले होते आणि हवं तेवढं खायची मुभा होती. पॅकबंद प्रकारात माणसं दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत सरासरी ०.९ किलोनं वाढली. प्रौढांची ही गत, तर वाढीच्या वयातल्या भुकेल्या पोराला ‘संयम ठेव’ म्हणून काय उपयोग? अन्नाची रचनाच तशी आहे. म्हणून मुलाच्या मनोनिग्रहाची परीक्षा घेण्यापेक्षा खरेदीची यादी बदला. घरात आणलंच नाही तर रोज नाही म्हणायची वेळ येत नाही. कधीतरी बाहेर, सगळ्यांनी मिळून, मजेत खा, आणि त्याचा हिशेब दुसऱ्या दिवशी मागू नका.

ताटाची मांडणी सोपी ठेवा. अर्धं ताट भाज्या आणि फळं, पाव भाग प्रथिनं (डाळी, कडधान्यं, अंडी, मासे, मांस, दुधाचे पदार्थ, घरात जे चालतं ते), आणि पाव भाग धान्य, शक्यतो कोंड्यासकट. बहुतेक घरांत प्रथिनं कमी पडतात आणि म्हणूनच मुलाला दोन तासांत पुन्हा भूक लागते. कॅलरी मोजायला लावू नका. दुसऱ्यांदा वाढून मागितलं तर द्या. फक्त ताटात आधी कमी वाढा, आणि जेवताना समोर पडदा नको. पडद्याकडे बघत जेवणाऱ्याला पोट भरल्याचा निरोप उशिरा पोचतो.

या वयात कॅल्शियम आणि लोह यांची गरज जोरात असते. ९ ते १८ वयात दिवसाला १,३०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं असं अमेरिकी शिफारस सांगते, आणि पाळी सुरू झालेल्या मुलींना लोह जास्त लागतं. दूध, धान्य किंवा आणखी कुठला अन्नगट पूर्ण बंद करणारे डाएट मुलांना अजिबात नकोत.

वेळांकडे बघा. सकाळी काहीच नाही, दुपारी घाईत चार घास, आणि संध्याकाळी पाच ते रात्री अकरापर्यंत सतत चरणं, हा क्रम फार घरांत दिसतो. रात्रीचं खाणं थांबवायचा प्रयत्न रात्री करून उपयोग नसतो. सकाळचं आणि दुपारचं भरीव केलं की ते आपोआप उतरतं. शाळेतून आल्यावर मूल खरंच भुकेलेलं असतं, तेव्हा तयार, खरं अन्न टेबलावर हवं. तिथे पुडा असेल तर पुडाच संपेल.

रिकामे पुडे पलंगाखाली सापडले तर आरडाओरडा करू नका. चोरून खाणं म्हणजे घरात खाण्यावर लाज बसली आहे असा निरोप आहे. बंधनं थोडी सैल करा, आणि तरीही ते थांबलं नाही तर डॉक्टरांना सांगा. ताबा सुटून, पोट दुखेपर्यंत वारंवार खाणं हा उपचार असलेला विकार आहे.

पायरी ६: झोप

अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या अकादमीनं २०१६ मध्ये १३ ते १८ वयासाठी ८ ते १० तासांची झोप सांगितली. अपुऱ्या झोपेनंतर दुसऱ्या दिवशी भूक वाढते, ओढ गोड आणि तेलकटाकडे जाते, आणि हालचालीचा उत्साह उरत नाही. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, म्हणून मुलाला रात्री उशिरापर्यंत झोप येत नाही. तो नाटक करत नसतो. पण शाळेची वेळ काही पुढे सरकत नाही, तेव्हा कमी होते ती झोपच.

घरातले सगळे फोन, मोठ्यांचेही, रात्री ठरलेल्या वेळी एका खोलीत चार्जिंगला लागू द्या. सुट्टीच्या दिवशी उठायची वेळ तासाभरापेक्षा जास्त सरकू देऊ नका. संध्याकाळनंतर कॅफीन नको. झोपेसाठी अभ्यासाचा एक तास सोडावा लागला तर सोडा.

पायरी ७: हालचाल

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं घाम येईल अशी हालचाल सांगितली, आणि आठवड्यातून निदान तीन दिवस दमवणारा व्यायाम व स्नायू-हाडं बळकट करणारे प्रकार. जगात ११ ते १७ वयातली दर पाचांतली चार मुलं इथपर्यंत पोचत नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती न सांगितल्यामुळे पुष्कळ जण मधेच सोडतात. नुसत्या व्यायामानं वजन फारसं उतरत नाही. पण वजन तेवढंच राहूनही यकृतातली चरबी कमी होते, इन्सुलिन नीट काम करतं, रक्तदाब उतरतो, झोप आणि मन सुधारतं. म्हणून काटा हलला नाही तरी चालू ठेवायचं.

जाड मुलाला धावण्यापासून सुरुवात करायला लावू नका. गुडघे दुखतात, धाप लागते, इतर मुलं हसतात, आणि तिसऱ्या दिवशी सगळं बंद. पोहणं, सायकल, नाच, भराभर चालणं, आणि वजन उचलण्याचे व्यायाम यांत ते टिकतं. वजन उचलल्यानं उंची खुंटते हा गैरसमज आहे. जाणकाराच्या देखरेखीखाली, हलक्या वजनानं, पद्धत नीट शिकून केलं तर ते या वयात सुरक्षित असतं. अवजड मुलं ताकदीत अनेकदा वर्गात पुढे असतात, आणि आपण कशात तरी चांगले आहोत ही जाणीव त्यांना इथे पहिल्यांदा मिळते. आज दहा मिनिटं जमत असतील तर दहाच. व्यायामाला शिक्षा कधीच करू नका: ‘एवढं खाल्लंस, आता पळून ये’ हे वाक्य नको.

पायरी ८: तीन महिन्यांनी मागे वळून बघा

सगळं एकदम बदलू नका. पहिला महिना फक्त पेयं आणि झोप. ते अंगवळणी पडलं की संध्याकाळचं खाणं आणि हालचाल. तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे उंची, वजन, घेर, रक्तदाब पुन्हा बघा. परीक्षेच्या दिवसांत, आजारपणात, घरात ताण असताना घडी विस्कटेल. तेव्हा एकच गोष्ट धरून ठेवा, बहुधा झोप, आणि बाकीचं नंतर उचला.

सहा महिने मनापासून करूनही बीएमआय चढत राहिला तर त्याचा अर्थ मूल खोटं बोलतंय असा नाही. जुळ्या मुलांवरच्या अभ्यासांतून दिसतं की वजनातल्या फरकाचा मोठा वाटा आनुवंशिक असतो. त्याला पुढची मदत लागेल. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या २०२३ च्या मार्गदर्शनात ३ ते १२ महिन्यांत किमान २६ तासांचं, कुटुंबासह घेतलेलं समुपदेशन सांगितलं आहे. दर वेळी पाच मिनिटांच्या सल्ल्यानं हे होत नाही. बारा वर्षांपुढच्या लठ्ठ मुलांना त्याच्या जोडीनं औषधं देता येतात, आणि तीव्र लठ्ठपणात तेराव्या वर्षापासून शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. यांपैकी सेमाग्लुटाइड या भूक कमी करणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनाला अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये १२ वर्षांपुढच्या मुलांसाठी मान्यता मिळाली. ६८ आठवड्यांच्या अभ्यासात औषध घेणाऱ्या किशोरांचा बीएमआय सरासरी १६ टक्क्यांनी उतरला. मळमळ, उलट्या, जुलाब होतात, काहींना पित्तखडे होतात, आणि मोठ्यांमध्ये तरी औषध थांबवल्यावर वजन बरंचसं परत येतं. गंभीर आजार जडलेल्या मुलासाठी हा खरा पर्याय आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण तो तज्ज्ञांच्या हातूनच. ओळखीतून मिळालेलं इंजेक्शन, ‘फॅट बर्नर’ गोळ्या, जुलाबाची औषधं, वजन उतरवणारे चहा, यांतलं काहीही मुलाला देऊ नका.

पायरी ९: वजन उतरतंय तेव्हाच जास्त सावध राहा

ही पायरी वगळू नका. ऑस्ट्रेलियात १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १४-१५ वर्षांच्या मुलांना तीन वर्षं पाहिलं. कडक डाएट करणाऱ्या मुलींना खाण्याचा विकार होण्याची शक्यता डाएट न करणाऱ्यांच्या १८ पट निघाली, मध्यम डाएट करणाऱ्यांत ५ पट. देखरेखीखाली, कुटुंबासह केलेल्या उपचारांत मात्र असा धोका वाढलेला दिसत नाही. धोका आहे तो एकट्यानं, गुपचूप, घाईनं केलेल्या उपासमारीत.

जाड मुलगी भराभर बारीक व्हायला लागली की सगळे कौतुक करतात आणि आजार त्या कौतुकाखाली लपतो. काट्यावर ‘नॉर्मल’ वजन असूनही शरीर उपासमारीत असू शकतं. पाळी चुकणं, उठताना चक्कर, सतत थंडी वाजणं, केस गळणं, जेवण झालं की लगेच बाथरूम, एकेक पदार्थ वर्ज्य करत जाणं, सगळ्यांसोबत जेवायचं टाळणं, दिवसातून अनेकदा वजन करणं, आजारी असतानाही व्यायाम न चुकवणं. यांतलं काही दिसलं तर डाएट त्या दिवशीच थांबवा आणि डॉक्टरांना भेटा. बेशुद्ध पडणं किंवा छातीत धडधड असेल तर तातडीनं. मुलानं जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलून दाखवलं तर वजनाचा विषय पूर्ण बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांची मदत लगेच घ्या, त्याला एकटं सोडू नका.

आता तुझ्याशी

तू हे स्वतः शोधून वाचत असशील तर आईबाबांसाठीचा वरचा भागही वाच आणि हवं तर त्यांना दाखव.

तुझ्या वजनात तुझा दोष शोधत बसू नकोस. व्हिडिओत दिसणारी ‘आधी आणि नंतर’ची शरीरं बघून स्वतःला मोजू नकोस. प्रकाश, कोन, फिल्टर आणि कधीकधी औषधं त्यामागे असतात. असे व्हिडिओ येत राहिले तर ती खाती म्यूट कर, थोड्या दिवसांत ते समोर यायचे कमी होतात.

जेवण टाळू नकोस. दुपारचं जेवण चुकवलं तर संध्याकाळी भूक तुझ्यावर स्वार होते, आणि मग तुला वाटतं आपल्यात जिद्दच नाही. ती उपाशी शरीराची साधी प्रतिक्रिया आहे. एक गोष्ट निवड: शाळेत गोड पेयाऐवजी पाणी, किंवा फोन खोलीबाहेर. पंधरा दिवस फक्त तेवढंच कर. आवडतील तसे आणि आज अंगात नीट बसतील असे कपडे घे, बारीक झाल्यावर घालायचे म्हणून घट्ट कपडे कपाटात साठवू नकोस.

कुणी चिडवत असेल तर ते सहन करणं हा वजन कमी करण्याचा भाग नाही. तारीख, ठिकाण, काय म्हणाले ते लिहून ठेव, मेसेज जपून ठेव आणि ज्यांच्यावर विश्वास आहे अशा शिक्षकांना किंवा घरातल्या मोठ्यांना दाखव. पहिल्यानं मनावर घेतलं नाही तर दुसऱ्याला सांग.

डॉक्टरांकडे गेल्यावर तुला त्यांच्याशी एकट्यानं बोलायचं असेल तर तसं म्हण: ‘मला पाच मिनिटं आईबाबांशिवाय बोलायचंय.’ ही विनंती त्यांना नवी नसते. चोरून खाणं, उलटी काढणं, पाळी, मनातली भीती, जे घरी सांगता येत नाही ते तिथे सांग. तुला आकडा बघायचा नसेल तर काट्यावर पाठ करून उभी राहा किंवा उभा राहा आणि नर्सला सांग, आकडा मोठ्यानं वाचू नका.